अकरा चिठ्ठ्या, एक अक्षर

नोटिशीत प्रश्न एकच होता. 'सोबत जोडलेल्या अकरा चिठ्ठ्या आपल्या हस्ताक्षरात आहेत काय? होय किंवा नाही, एवढेच सात दिवसांत लेखी कळवावे.'

खाली साहेबांची सही, आणि मागच्या पानांवर त्या पिवळ्या चिठ्ठ्यांचे फोटो, एकेका पानावर चार चार. अक्षर माझंच होतं. आंधळ्यालाही ओळखू आलं असतं असं म्हणायची मला सोय नाही, कारण आमच्या घरात खरंच एक आंधळा माणूस आहे आणि तो माझा नवरा आहे. पण ऑफिसातल्या बाकी प्रत्येकाला ते अक्षर दहा फुटांवरून कळलं असतं. 'होय' लिहिलं तर मी मेले. 'नाही' लिहिलं तर खोटारडी म्हणून मेले. 'कसं' आणि 'कुणासाठी' हे लिहायला साहेबांनी जागाच ठेवली नव्हती.

बावीस वर्षं मी घरदुरुस्तीच्या परवान्यांच्या खिडकीवर बसते आहे. भिंत पाडायची, जिना बदलायचा, गच्चीवर पत्रा टाकायचा, तर माझ्याकडे यावं लागतं. माझे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. त्यांनी लहानपणी माझ्याकडून अक्षर असं घोटून घेतलं की पुढे आयुष्यभर लोक मला फुकट राबवत राहिले. सूचनाफलक मी लिहायचा, निरोप समारंभाचा फळा मी लिहायचा, नव्या साहेबांची पाटी बनून येईपर्यंत दारावर डकवायचा कागदही माझ्याच हातचा. सगळे म्हणायचे, ताईंचं अक्षर म्हणजे छापलंय जणू. मीही फुगायचे, खोटं कशाला सांगू?

पाच वर्षांपूर्वी ह्यांची दृष्टी गेली. पहिलं वर्ष ते पलंगावरून उठायला तयार नव्हते. मग हळूहळू त्यांनी घर मोजलं. पलंगापासून न्हाणीघर नऊ पावलं. दारापासून जिना चार. मग चौदा पायऱ्या, वळण, परत चौदा. खाली उजवीकडे एकतीस पावलांवर चहाची टपरी, तिथला बाक. रोज चार वाजता ते एकटे तिथे जाऊन बसतात आणि जगाच्या उचापती ऐकून येतात. ऑफिसपासून घर दहा मिनिटांवर आहे. जेवणाच्या सुट्टीत मी जाऊन त्यांना गरम करून वाढते आणि धापा टाकत परत येते. म्हणून बदलीच्या यादीत माझं नाव येऊ नये, एवढंच माझं देवाकडे मागणं असायचं. बढतीही मी दोनदा नाकारली होती.

तर मागच्या वर्षी वरून हुकूम आला की यापुढे परवाने ऑनलाइन, आणि ते काम 'अजाइल' पद्धतीने करायचं. कुणाला काही कळेना. मग शिकवायला एक मॅडम आल्या. पायात कॅनव्हासचे बूट, खांद्यावर पिशवी, पिशवीत रंगीबेरंगी चिठ्ठ्यांचे गठ्ठे. आम्ही त्यांचं नाव चिठ्ठीवाल्या मॅडम ठेवलं. दोन दिवस त्यांनी आम्हाला शिकवलं. "मोठं काम एकदम अंगावर घेऊ नका. दोन आठवड्यांत संपेल एवढा तुकडा घ्या. तो खरोखर चालवून लोकांना दाखवा. लोक नावं ठेवतील ती ऐकून घ्या, सुधारा, मग पुढचा तुकडा. जाडजूड अहवाल झाला म्हणजे काम झालं असं नाही. खिडकीबाहेरच्या माणसाचं काम झालं, तरच काम झालं."

मी मागच्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते, ती घडी सुटली. बावीस वर्षं मी हेच तर बोंबलत होते.

रोज सकाळी पंधरा मिनिटं उभ्याने बैठक घ्यायची असा त्यांचा नियम. उभं राहिलं की माणूस मुद्द्याचं बोलतो म्हणे. पहिल्या दिवशी शिपायाने सवयीने साहेबांच्या मागे खुर्ची सरकवली, साहेब सवयीने बसले. साहेब बसले म्हणून निरीक्षक बसले. निरीक्षक बसले म्हणून आम्ही बसलो. मॅडम एकट्याच उभ्या. पण आठवडाभरात जमलं. भिंतीवर मोठा बोर्ड आला, त्यावर तीन रकाने: करायचं, चालू, झालं. प्रत्येक कामाची एक चिठ्ठी, ती या रकान्यातून त्या रकान्यात सरकायची. आणि कुठलं काम आधी, कुठलं नंतर, हे ठरवायला मॅडमनी मला उभं केलं. 'प्रॉडक्ट ओनर' म्हणजे कामाची मालकीण. साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण वरचाच हुकूम होता.

पहिल्या दोन आठवड्यांच्या फेरीत मी अर्जाला हात घातला. एक्केचाळीस रकाने होते. न्हाणीघराची भिंत सरकवायची तर आजोबांचा व्यवसाय काय, हाही एक प्रश्न होता. तो कुणी घातला, कधी घातला, कुणाला पत्ता नव्हता. रकाने सतरावर आणले. अर्ज भरताना चष्मा विसरलेल्या एका म्हाताऱ्या सुताराला आम्ही मुद्दाम संगणकापुढे बसवलं. त्याने वीस मिनिटांत अर्ज भरला आणि विचारलं, "झालं? एवढंच?" त्या दिवशी घरी जाऊन मी ह्यांना तीन वेळा तीच गोष्ट सांगितली. ते हसून म्हणाले, "तू आज जिना पळत चढलीस. ऐकलं मी."

दर दोन आठवड्यांच्या शेवटी एक वेगळी बैठक असायची, मागे वळून बघायची. काय चुकलं, काय खुपलं, ते प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचं. नाव घालायचं नाही. साहेबांनी यायचं नाही. दार लावायचं, चिठ्ठ्या वाचायच्या, मार्ग काढायचा आणि चिठ्ठ्या फाडून टाकायच्या. "इथलं इथेच," मॅडम म्हणाल्या. आम्ही दहा जणांनी हात वर करून कबूल केलं.

पहिल्या वेळी दहा चिठ्ठ्या आल्या. नवांवर लिहिलं होतं 'सर्व ठीक आहे' आणि एकीवर 'पंखा'.

मॅडम गोंधळल्या. तेव्हा शेजारीण बोलली. शेजारीण म्हणजे माझ्या बाजूच्या खिडकीवरची, एकोणीस वर्षांची माझी सोबत. आमच्या खुर्च्यांमध्ये एवढं कमी अंतर आहे की एकीने सुस्कारा सोडला तर दुसरीच्या टेबलावरचा कागद हलतो. ह्यांचे डोळे गेले त्या आठवड्यात माझी खिडकी तिने एकटीने सांभाळली होती. तिला ऑफिसात सगळेच शेजारीण म्हणत, साहेबसुद्धा.

"मॅडम, तुम्ही नाव काढलंत, पण अक्षराचं काय?" ती म्हणाली. "आम्ही आयुष्यभर एकमेकांचे शेरे वाचतोय. कुणाची वेलांटी कशी वळते हे इथे सगळ्यांना पाठ आहे. कोण खरं लिहील?"

मॅडम म्हणाल्या, "मग टाइप करूया."

"नको. संगणक कुणाचा, वेळ कुठली, सगळं सापडतं," ऑनलाइनचं काम बघणारा आमचा प्रोग्रॅमर म्हणाला. त्याला ठाऊकच असणार.

तेव्हा शेजारणीनेच तोड काढली. "आपली ताई आहे ना. प्रत्येकाने ताईच्या कानात सांगायचं, ताई सगळं आपल्या हाताने लिहील. सगळ्या चिठ्ठ्या एकाच अक्षरात. मग ओळखा म्हणावं कुणाची कुठली."

सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. मला तर मान मिळाल्यासारखं झालं. शिकलेल्या दहा डोक्यांना एवढं सुचलं नाही की चिठ्ठी बाहेर गेली तर नऊ जण लपतील आणि एक जण उघडा पडेल.

त्यानंतर दर पंधरा दिवसांनी मी रेकॉर्डच्या खोलीत बसायचे आणि एकेक जण येऊन कुजबुजून जायचा. रेकॉर्डवाले काका म्हणाले, उंदीर जुन्या फायली खातायत आणि मी भीतीने सांगत नाही. निरीक्षक म्हणाले, जागेवर फोन लागत नाही म्हणून मी घरी बसून पाहणी भरतो. मी लिहीत गेले. आणि खरंच गोष्टी सुधारत गेल्या. पिंजरे आले. पाहणी बिनानेटची भरता येईल असं प्रोग्रॅमरने केलं. एकमेकांवर ओरडणं कमी झालं. मला वाटायला लागलं, निवृत्तीला आठ वर्षं उरली असताना मला नोकरी आवडायला लागली की काय.

मग उद्घाटनाची तारीख ठरली. वरचे पाहुणे येणार, आणि तोवर पाचशे परवाने ऑनलाइन सुटलेले दिसले पाहिजेत, असं साहेबांनी जाहीर केलं. तेव्हा होते त्रेसष्ट. मी म्हटलं, साहेब, माणसं हळूहळू येतील, घाई नको. साहेब नुसते हसले. पण बोर्डावरचा आकडा चढायला लागला. एकशे दहा, दोनशे चाळीस, तीनशे नव्वद. मी वेडी, तो आकडा रोज घरी नेऊन ह्यांना सांगत होते.

त्या फेरीच्या शेवटी शेजारीण रेकॉर्डच्या खोलीत आली, दार लावलं आणि रडायला लागली. "तू पाचला घरी जातेस ना, त्यानंतर साहेब आम्हाला थांबवतात. लोकांनी कागदावर दिलेले अर्ज आम्ही त्यांच्या नावाने ऑनलाइन भरतो. खोटे फोन नंबर घालतो. दोनशेच्या वर मी एकटीने भरलेत. कुणी ऑनलाइन येत नाहीये, ताई. आता कुणी त्या लोकांना फोन करून विचारलं तर मी पकडली जाईन."

मला राग आला. आधी फसवणुकीमुळे, आणि मग हे मला आठवडाभर शेजारी बसूनही कळलं नाही यामुळे. "हे लिहू?" मी विचारलं.

"लिही. म्हणून तर आले. बैठकीत निघालं तर थांबेल तरी. तुझ्या अक्षरात असेल, माझं नाव कसं येणार?"

मी लिहिलं. 'ऑनलाइन आकडा खोटा आहे. कागदी अर्ज पाचनंतर आमच्याकडून भरून घेतले जातात. मला भीती वाटते.' नोटिशीतली अकरावी चिठ्ठी ती. दहावी माझी स्वतःची होती: 'खिडकीबाहेर बाक हवा.'

बैठकीत ती वाचली गेली. मॅडम म्हणाल्या, मी हे योग्य ठिकाणी बोलते. चिठ्ठ्या दर वेळी त्याच गोळा करायच्या. फाडल्या असतील असं मी धरून चालले.

त्या बोलल्या, हे खरं. आपल्या शेवटच्या अहवालात, 'टीममधला मोकळेपणा' या मथळ्याखाली, सगळ्या फेऱ्यांतल्या निवडक अकरा चिठ्ठ्यांचे फोटो छापून बोलल्या. अहवाल वर गेला. वरून साहेबांना फोन आला. उद्घाटन पुढे ढकललं. आणि दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर नोटीस.

मी मॅडमना फोन केला. त्यांचं कंत्राट संपलं होतं, मागे दुसऱ्या कुठल्या तरी ऑफिसचा गलका ऐकू येत होता. "ताई, मी कुणाचंही नाव घातलेलं नाही," त्या म्हणाल्या. "मी पूर्ण काळजी घेतली."

"अक्षर घातलंत ना," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

साहेबांनी मला आत बोलावलं. एकटीला. फार गोड बोलत होते. "ताई, तुम्ही पाचला घरी जाता. पाचनंतरचं तुम्हाला कुणी सांगितलं, तेवढंच सांगा. नोटीस मी फाडून टाकतो. नाहीतर चिठ्ठ्या तुमच्याच धरायच्या, दुसरा इलाज नाही. डोंगरापलीकडच्या कचेरीत जागा रिकामीच आहे."

डोंगरापलीकडची कचेरी म्हणजे सात तासांचा रस्ता. तिथे जाणारा माणूस पुन्हा कुणाला दिसत नाही.

मी शेजारणीला जिन्यात गाठलं. म्हटलं, "तू पुढे होऊन सांग. तुला करायला लावलं, तू काय करणार होतीस? मी तुझ्या बाजूने उभी राहीन. काका राहतील. आपण दहा आहोत."

ती कठड्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तूच म्हण ना सगळ्या तुझ्या आहेत म्हणून. तुला काय करणार आहेत? तुझ्या घरी आंधळा नवरा आहे. त्यांना दया येईल. माझ्याकडे बघून कुणाला दया येणार आहे?"

केसाने गळा कापणं म्हणतात ते काय असतं, ते मला त्या जिन्यात कळलं. तिने हा विचार आधीच करून ठेवला होता. माझ्या घरातला अंधार तिने तिच्या हिशोबात धरला होता.

चौकशी त्या बोर्डासमोरच झाली, उभ्याने. साहेब म्हणाले, "आपण मोकळेपणाने काम करणारी टीम आहोत, तेव्हा सगळं मोकळेपणाने होऊ दे." एकेक चिठ्ठी वाचायची, आणि ही कुणाची म्हणून विचारायचं. उंदरांची वाचली. काकांनी जमिनीकडे पाहिलं. बिनानेटच्या पाहणीची वाचली. निरीक्षकांना खोकला आला. प्रोग्रॅमर फोनमध्ये बघत होता. सगळे मूग गिळून बसले. म्हणजे उभे होते. दहावी वाचली तेव्हा मी म्हटलं, "ही माझी." अकरावी वाचली.

मी शेजारणीकडे पाहिलं. पूर्ण एक मिनिट पाहिलं.

"माझी नाही," ती म्हणाली. तिला अजून कुणी विचारलंही नव्हतं.

साहेब माझ्याकडे वळले. नाव माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं, मी काही साध्वी नाही. पण सांगून उपयोग काय? अक्षर माझं, आणि समोर नऊ माणसं तोंडाला कुलूप लावून. शिवाय 'इथलं इथेच' म्हणताना हात मीही वर केला होता. बाकीच्यांनी आपापले हात खाली घेतले, पण माझा खाली येईना. मी म्हटलं, "मी लिहून देते."

जागेवरच लिहून दिलं. 'होय. हस्ताक्षर माझे आहे.' अक्षर नेहमीसारखंच सुरेख आलं, त्याचासुद्धा मला राग आला.

बदलीचा हुकूम आठ दिवसांत आला. त्याच हुकमात दुसऱ्या कलमात होतं की कामाची मालकीण म्हणून यापुढे शेजारीण बघेल.

घरी मी ह्यांना सगळं सांगितलं, शब्दन्‌शब्द. मग त्यांनी विचारलं, "त्या बैठकीत काकांचा आवाजच आला नाही?"

"नाही."

"कुणाचाच?"

"खोकला आला एकदा."

ते उठले. नऊ पावलं मोजत न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून आत बराच वेळ उभे राहिले.

माझा निरोप समारंभ शनिवारी ठेवला. मी नको म्हटलं होतं, पण पद्धत आहे म्हणाले. हॉलमध्ये खुर्च्या मांडत होते तेव्हा शेजारीण माझ्याकडे आली. हातात खडू.

"रागावलीस?"

"हो."

तिने खडू पुढे केला. "फळा तेवढा लिही ना. आमच्यापैकी कुणाचं अक्षर धड नाही."

तिला लाज वाटत नव्हती असं नाही. तिला खरोखरच दुसरं काही सुचलं नव्हतं. बावीस वर्षांत प्रत्येक फळा मी लिहिला होता, मग हाही मीच लिहायचा. मी तिची बोटं खडूवर मिटली. "आज तू लिही."

तिने लिहिलं. 'ताईंना हार्दिक शुभेच्छा.' ओळ उजवीकडे उतरत गेली, 'शुभेच्छा'ला जागा पुरली नाही, शेवटचा 'च्छा' खाली लोंबत राहिला. माणसं जमली. साहेब आले, फळ्याकडे बघून थबकले आणि त्यांनी चष्मा वर केला.

"हे कुणाचं अक्षर?"

प्रश्न साधाच होता. ते थट्टेने विचारत होते. पण हॉल एकदम गप्प झाला, त्या चौकशीच्या दिवशी झाला होता तसाच. काका जमिनीकडे बघायला लागले. निरीक्षक खोकले. शेजारणीने हळूच हात पाठीमागे नेला आणि खडूची बोटं कपड्याला पुसली.

मी उठून उभी राहिले. "माझंच आहे, साहेब," मी म्हटलं. "तेही माझ्याच नावावर टाका."

कुणी हसलं नाही. मी पर्स उचलली आणि मधल्या वाटेने बाहेर आले. त्यांनी आणलेला हार टेबलावर तसाच राहिला.

घरी हे एका बांधलेल्या गाठोड्यावर बसले होते. चार वाजून गेले होते, पण टपरीवर गेले नव्हते. म्हणाले, "तिथल्या घराला जिना आहे का गं?"

"आहे," मी म्हटलं.

"किती पायऱ्या?"

मला माहीत नव्हतं. मी त्यांच्याशेजारी गाठोड्यावर बसले आणि म्हटलं, मोजू.